अक्षरांच्या सेवेतले सोने : मध्ययुगीन अरबी हस्तलिखितांच्या सुशोभनाचा इतिहास

मध्ययुगीन इस्लामी जगात तयार झालेल्या अरबी हस्तलिखितांतील सोनेरी आणि निळी सजावट आज बहुतेकांना संग्रहालयाच्या काचेमागे, एकेका सुट्या पानाच्या रूपातच दिसते, आणि त्यामुळे ती चित्रकलेचीच एक शाखा असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या कलेचा उगम चित्रात नसून वाचनात आहे. अरबीत तिला ‘तझहीब’, म्हणजे सोन्याचे काम, आणि ते करणाऱ्या कारागिराला ‘मुझहिब’ म्हणत असत. हा कारागीर पानावर जे सोने घाली, ते सुरुवातीच्या काळात तरी वाचकाला कुठे थांबायचे, कुठवर आलो आहोत आणि पुढचा भाग कुठे सुरू होतो हे सांगण्यासाठी असे. पुढच्या सहा-सात शतकांत या खुणांचे रूपांतर जगातील अत्यंत सूक्ष्म आणि शिस्तबद्ध अशा एका अलंकरणकलेत झाले. परंतु तिच्या सर्वांत वैभवशाली पानांतही मूळचे हे काम टिकून राहिले. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या हस्तलिखितांचे सौंदर्य नीट उलगडत नाही.

कुराण हा मुळात मोठ्याने म्हणायचा, पाठ करायचा ग्रंथ आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्याच्या सर्वांत जुन्या प्रती ‘हिजाझी’ नावाच्या उजवीकडे कललेल्या लिपीत, चर्मपत्रावर, म्हणजे कमावून पातळ केलेल्या कातड्यावर लिहिलेल्या आहेत. त्यांत स्वरांची चिन्हे नाहीत आणि सारख्या आकाराच्या अक्षरांतील फरक दाखवणारे नुक्तेही क्वचितच आहेत. ज्याला मजकूर आधीच मुखोद्गत आहे त्यालाच असे पान खात्रीने वाचता येई. अरबी न बोलणारे समाज मोठ्या संख्येने इस्लाममध्ये येऊ लागले, तेव्हा उच्चार बिघडण्याची चिंता निर्माण झाली आणि स्वर दाखवण्यासाठी रंगीत ठिपके देण्याची पद्धत रूढ झाली. परंपरा तिचे श्रेय बसऱ्याच्या अबुल अस्वद अद-दुअली या व्याकरणकाराला देते, तर आज वापरली जाणारी स्वरचिन्हे आठव्या शतकातील खलील इब्न अहमद याच्या नावावर सांगितली जातात. पानावर रंग आला तो असा, उच्चार शुद्ध राहावा म्हणून.

त्यापाठोपाठ आयतींच्या, म्हणजे कुराणातील वचनांच्या, खुणा आल्या. प्रत्येक आयतीच्या शेवटी लहानसे चिन्ह, पाच आयतींनंतर वेगळी खूण आणि दहा आयतींनंतर मोठे वर्तुळ अशी ही व्यवस्था होती. पाचव्या आयतीपाशी बहुधा ‘हा’ हे अक्षर सोन्यात काढलेले असे, कारण अक्षरांनी अंक दाखवण्याच्या अरबी पद्धतीत या अक्षराची किंमत पाच आहे. अध्यायाचे नाव आणि त्यातील आयतींची संख्या दाखवणारी आडवी पट्टी, तिच्या टोकाला समासात डोकावणारे पानासारखे नक्षीदार चिन्ह, सजदा म्हणजे साष्टांग नमनाची जागा दाखवणारी खूण आणि ग्रंथाचे तीस समान भाग, अर्थात ‘जुझ’, जिथे सुरू होतात त्या जागा, हे सगळे सजावटीचे पहिले विषय होते. ही भर सर्वांनाच मान्य होती असे मात्र नाही. मदिनेचे थोर धर्मशास्त्रज्ञ मालिक इब्न अनस (मृत्यू इ.स. ७९५) यांच्यासह अनेक आरंभीच्या विद्वानांनी ईश्वरी वचनात माणसाच्या हातचे काहीही मिसळू नये, निदान रंग आणि सोने तरी नको, अशी भूमिका घेतलेली होती. या विरोधाचा एक मोलाचा परिणाम झाला, असे म्हणता येईल. सोने मजकुरात शिरले नाही, ते त्याच्या कडेला, दोन ओळींच्या मध्ये आणि आरंभी-शेवटी राहिले, आणि मजकूर व अलंकार यांच्यातील ही मर्यादा पुढे या कलेचे व्याकरणच बनली.

उमय्यद खलिफांच्या काळात या आरंभीच्या संकोचाला पहिला मोठा छेद गेला. खलिफा अब्दुल मलिक याने जेरुसलेम येथे इ.स. ६९१-९२ मध्ये उभारलेल्या घुमटवास्तूत कुराणातील वचने सोनेरी काचतुकड्यांत भिंतीवर आली, आणि त्यांच्याभोवती वेली, फुलदाण्या व रत्नमालांची नक्षी बहरली. हाच शाही दिमाख ग्रंथांतही उतरला. येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीच्या छताची दुरुस्ती चालू असताना १९७२ मध्ये जुन्या चर्मपत्रांचा मोठा साठा हाती लागला. त्यातील उमय्यदकालीन मानल्या जाणाऱ्या एका भव्य प्रतीचे पान सुमारे अर्धा मीटर उंचीचे असून, तिच्या आरंभी मशिदींची चित्रे काढलेली आहेत. त्यांत कमानींच्या ओळी, टांगलेले दिवे, मिहराब म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा, आणि पायऱ्या दिसतात, माणसे मात्र कुठेच नाहीत. वाचक ग्रंथात नव्हे, जणू प्रार्थनास्थळातच प्रवेश करतो आहे, असा हा आरंभ आहे. वास्तुचित्राचा हा प्रयोग पुढे चालला नाही. त्याची जागा शुद्ध भौमितिक नक्षीने घेतली आणि कलेची दिशा कायमची ठरली.

नवव्या शतकापर्यंत ‘कूफी’ या सामान्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारदस्त, कोनदार लिपींचा पगडा बसला आणि कुराणाचे पानही उभ्याऐवजी आडवे झाले. या लिपींत अक्षरे आडवी लांबवली जातात, शब्दाचे तुकडे पाडून त्यांतील अंतर सारखे ठेवले जाते, आणि एका पानावर कधी कधी अवघ्या तीन ओळी मावतात. दमास्कसचा सुभेदार अमाजूर याने हिजरी २६२ (इ.स. ८७५-७६) मध्ये तायर या बंदर-शहराला अर्पण केलेली प्रत अशीच तीन ओळींची आहे. एवढ्या मोकळ्या मांडणीच्या संपूर्ण कुराणासाठी शेकडो जनावरांची कातडी लागत असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा ग्रंथामागे केवढी संपत्ती उभी होती याची कल्पना येते. या प्रतींतील सोने मात्र मोजकेच आहे. काळ्या-तपकिरी अक्षरांच्या विस्तीर्ण ओळींत मधूनच एखादे सोनेरी वर्तुळ चमकते, आणि डोळा तिथे थांबतो. तिथे थांबावे, हाच त्याचा हेतू आहे.

या काळातील सर्वांत विलक्षण ग्रंथ म्हणजे ‘निळे कुराण’. निळीने गडद केलेल्या चर्मपत्रावर, दर पानाला पंधरा ओळी अशा बेताने, संपूर्ण मजकूर सोन्यात लिहिलेला असून आयतींच्या खुणांसाठी चांदी वापरलेली आहे, आणि ती चांदी आज काळवंडून गेल्यामुळे खुणा सहज नजरेला येत नाहीत. ही प्रत कुठे तयार झाली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कैरवान, कॉर्डोबा, इराक अशी वेगवेगळी मते मांडली गेली आहेत, आणि जांभळ्या चर्मपत्रावर सोन्या-चांदीने लिहिलेल्या बायझंटाईन ग्रंथांशी तिची तुलनाही होते. कैरवानच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा म्हणजे तेथील मोठ्या मशिदीच्या ग्रंथालयाची इ.स. १२९३ मधील यादी, कारण निळ्या चर्मपत्रावर सोन्याने लिहिलेल्या कुराणाची नोंद तिच्यात आढळते. येथे मजकूर आणि अलंकार यांच्यातील मर्यादा पुसली गेल्यासारखी वाटते, कारण अक्षरच सोन्याचे झाले आहे. तरीही नीट पाहिले तर या पानावर वेलबुट्टी जवळजवळ नाहीच. सारे वैभव लिपीच्या रेषेत आणि रंगांच्या विरोधात साठवलेले आहे.

आजच्या ट्युनिशियातील कैरवान हे नगर इ.स. ६७० मध्ये लष्करी तळ म्हणून वसले आणि दोन शतकांत उत्तर आफ्रिकेतील विद्येचे मोठे केंद्र बनले. ग्रंथनिर्मितीचा इतिहास लिहिणाऱ्याला या नगराचे ऋण मानावेच लागते, कारण तेथे ग्रंथ टिकले, ते घडवणाऱ्यांची नावे टिकली, आणि ते कसे घडवायचे याची माहितीही टिकली. झीरी वंशाचा राजा अल-मुइझ्झ इब्न बादीस (कारकीर्द १०१६–१०६२) याच्या नावावर ग्रंथकारागिरीची एक पुस्तिका प्रसिद्ध आहे. ती त्याने स्वतः लिहिली की त्याच्यासाठी लिहिली गेली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यात बोरू तासण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कृती दिलेली आहे. काळी शाई दोन प्रकारची असे : काजळी आणि डिंक यांची एक, आणि मायफळे व हिराकस यांची दुसरी. काजळीची शाई पृष्ठभागावर बसते आणि ओल्या फडक्याने पुसली जाऊ शकते; मायफळाची शाई आत मुरते आणि चर्मपत्राला घट्ट धरते, परंतु हिराकसाचे प्रमाण चुकले तर कालांतराने कागद खाऊनही टाकते. रंगीत शाया, सोन्या-चांदीने लिहिण्याच्या रीती, चिकटवण्याच्या खळी, चर्मपत्रावरील लिखाण खोडण्याचे उपाय, कागद तयार करणे, हे सगळे या पुस्तिकेत येते. हस्तकौशल्याच्या अशा गोष्टी बहुधा गुरूकडून शिष्याकडे तोंडीच जात असल्यामुळे त्या लेखी स्वरूपात राहिल्या हे अभ्यासकांचे भाग्यच होय.

सोन्याचे काम कसे चाले, हे अशा पुस्तिका आणि प्रत्यक्ष पाने यांवरून बऱ्याच अंशी समजते. सोने ठोकून त्याचा वर्ख करीत, आणि तो थेट चिकटवीत किंवा मध अथवा डिंकासारख्या चिकट पदार्थात बराच वेळ खलून, पुष्कळदा धुऊन, तळाशी बसलेली सोन्याची पूड डिंकाच्या पाण्यात कालवीत. हे द्रव सोने कुंचल्याने किंवा बोरूने लावून वाळले, की ते घोटीव, गुळगुळीत दगडाने घासत, आणि मग त्यावर झळाळी येई. शेवटी सोनेरी आकाराला काळ्या किंवा तपकिरी शाईची अगदी बारीक कड दिली जाई. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या रेषेमुळेच सोन्याची किनार धारदार दिसते. निळा रंग पुढे प्रामुख्याने बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द या मौल्यवान दगडापासून मिळवीत. तो कुटून आणि धुऊन त्यातील भुरकट भाग काढून टाकावा लागे, म्हणून त्याची किंमतही मोठी असे. तांबड्यासाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ आणि हिरव्यासाठी तांब्यापासूनचा जंगाल हे रंग होते. जंगाल खालचा कागद जाळतो, आणि म्हणून अनेक जुन्या पानांवर हिरव्या पट्टीच्या जागी आज भेगा किंवा भोके दिसतात.

याच कैरवानमध्ये हिजरी ४१० (इ.स. १०१९-२०) मध्ये एक भव्य कुराण तयार झाले, आणि झीरी राजघराण्यातील फातिमा नावाच्या दाईने ते मोठ्या मशिदीला अर्पण केले. अभ्यासक त्याला ‘दाईचे कुराण’ म्हणतात. पानावर अवघ्या पाच ओळी, उंच सरळ उभ्या रेषा आणि खाली तीक्ष्ण वळसे घेणारी अक्षरे यांमुळे त्याची लिपी एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. त्याच्या समाप्तिलेखात अली इब्न अहमद अल-वर्राक याने लिपीला स्वरचिन्हे देणे, खुणा करणे, सोन्याचे काम करणे आणि ग्रंथ बांधणे ही सर्व कामे आपण केल्याचे नोंदवले आहे, आणि हे काम दुर्रा नावाच्या लेखनिक स्त्रीच्या देखरेखीखाली झाल्याचेही नमूद आहे. म्हणजे ग्रंथ देणारी स्त्री आणि तो करवून घेणारीही स्त्री. अकराव्या शतकातील ग्रंथव्यवहारात स्त्रियांना जागा नव्हती असे गृहीत धरणाऱ्यांनी या एका समाप्तिलेखाकडे लक्ष द्यायला हवे.

इस्लामी जगाच्या पूर्व भागात दरम्यान एक मोठे स्थित्यंतर घडून आले होते. आठव्या शतकात मध्य आशियातून कागद बनवण्याची विद्या पश्चिमेकडे आली आणि त्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागदाचे कारखाने सुरू झाले. कागद चर्मपत्रापेक्षा स्वस्त होता, आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यावरील लेखन खोडून फसवणूक करणे अवघड होते. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या तावाला पिठाची खळ देऊन तो दगडाने घोटला, की बोरू त्यावर अडखळत नसे. याच परंपरेतील हातकागद पुढे दख्खनेतही आला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदाचा व्यवसाय चौदाव्या शतकात, तुघलकांच्या राजधानी-स्थलांतराबरोबर सुरू झाला, असे परंपरेने मानले जाते. कागदामुळे ‘वर्राक’ हा नवा व्यावसायिक पुढे आला. कागद विकणे, ग्रंथांच्या नकला करणे, त्या बांधणे आणि विकणे ही सर्व कामे तो करी, आणि नवव्या शतकातील भूगोलकार याकूबीच्या सांगण्यानुसार बगदादच्या एका वस्तीत अशा वर्राकांची शंभराहून अधिक दुकाने होती. याच व्यवसायातील इब्न अन-नदीम याने इ.स. ९८७-८८ मध्ये अरबीतील सर्व ज्ञात ग्रंथांची ‘फिहरिस्त’ ही सूची रचली. तिच्यात कुराणावर सोन्याचे काम करणाऱ्या कारागिरांची नावेही आहेत, ही फार मोलाची नोंद आहे. त्यावरून दहाव्या शतकापर्यंत मुझहिब हा स्वतंत्र आणि नाव घेण्याजोगा पेशा झाला होता, हे स्पष्ट होते.

कागदावर चालणाऱ्या कारकुनी गोल लिपींना शास्त्रशुद्ध रूप देण्याचे श्रेय अब्बासी दरबाराचा वजीर इब्न मुकला (मृत्यू ९४०) याला दिले जाते. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका हे माप धरून प्रत्येक अक्षराची उंची-रुंदी ठरवण्याची प्रमाणबद्ध पद्धत त्याने घालून दिली. राजकारणात त्याचा शेवट अत्यंत करुण झाला. तीनदा वजीरपद भूषवणाऱ्या या माणसाचा उजवा हात तोडण्यात आला आणि तो कैदेत मरण पावला. त्याची पद्धत मात्र जगली, आणि पुढच्याच शतकात बगदादच्या इब्न अल-बव्वाब (मृत्यू १०२२) याने तिला लालित्य दिले. बव्वाब म्हणजे द्वारपाल; अशा साध्या घरात जन्मलेला हा मुलगा आधी घरांच्या भिंती रंगवीत असे, मग ग्रंथांवर नक्षी काढू लागला आणि शेवटी त्या युगाचा सर्वश्रेष्ठ सुलेखनकार ठरला. त्याच्याविषयी चरित्रकार याकूत अल-हमवी याने दिलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. शिराझच्या बुवेही अमिराच्या ग्रंथालयाचा प्रमुख असताना त्याला इब्न मुकलाच्या हातच्या कुराणाचे तीसपैकी एकोणतीस भाग विखुरलेले सापडले. उरलेला भाग त्याने स्वतः लिहिला, त्याचे सोनेकाम जुने वाटेल असे केले आणि त्याला जुन्या भागाची बांधणी चढवली. आणि अमिराला त्यातला नवा भाग कोणता हे ओळखता आले नाही. ठरलेले बक्षीस मिळायला उशीर झाला, तेव्हा त्याने त्याऐवजी ग्रंथालयात पडलेले चिनी कागदाचे तुकडे मागून घेतले आणि ते पुढे कित्येक वर्षे वापरले. कथा कितपत खरी हा प्रश्न वेगळा. लिपी, सोने, कागद आणि बांधणी या चारही अंगांवर एकाच माणसाचे प्रभुत्व असणे त्या काळच्या वाचकांना शक्य कोटीतले वाटत होते, हे तिच्यातून निश्चित कळते.

इब्न अल-बव्वाबच्या हातचे हिजरी ३९१ (इ.स. १०००-०१) मधील कुराण डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. कागदावर लिहिलेला हा छोटेखानी ग्रंथ असून त्याचे पान हाताच्या पंजात मावेल एवढेच आहे. लिपी आणि सजावट दोन्ही त्याचीच मानली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या ग्रंथाची आरंभीची नक्षीदार पाने सर्वाधिक बोलकी आहेत. एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांच्या सोनेरी जाळीत जी अक्षरे बसवलेली आहेत, ती वाचू गेल्यास त्यांत कुराणाचे अध्याय ११४, आयती ६,२३६ आणि त्यापुढे शब्द, अक्षरे व नुक्ते यांचेही आकडे दिलेले आढळतात. अत्यंत देखणे वाटणारे हे पान म्हणजे वस्तुतः मजकुराचा हिशेब आहे. नक्कल करताना एकही अक्षर गळू नये, ही चिंता येथे सोन्यात मढवून ग्रंथाच्या दाराशी ठेवलेली आहे. तीन शतकांपूर्वी आयतीच्या शेवटी टाकलेल्या ठिपक्याचीच ही परिणती होय.

येथे प्राणी व माणसांच्या चित्रांविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण इस्लामी कलेत ती मुळी नव्हतीच असे अनेकदा सांगितले जाते. कुराणात ती कधीच आली नाहीत, हे खरे. पण वैद्यक, खगोल, यंत्रविद्या आणि ललित साहित्य यांच्या अरबी ग्रंथांत ती विपुल आहेत. ‘पंचतंत्रा’वरून पहलवी भाषेमार्गे आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने अरबीत आणलेल्या ‘कलीला व दिम्ना’च्या प्रतींत सिंह, बैल आणि कोल्हे मोठ्या दिमाखात वावरतात. यह्या इब्न महमूद अल-वासिती याने इ.स. १२३७ मध्ये लिहिलेल्या व चितारलेल्या हरीरीच्या ‘मकामात’च्या प्रतीत ९९ चित्रे आहेत. त्यातील ग्रंथालयाच्या चित्रात कोनाड्यांत आडवे रचून ठेवलेले ग्रंथ दिसतात आणि त्या काळी पुस्तके कशी ठेवत याचा तो प्रत्यक्ष पुरावाच ठरतो. ही चित्रपरंपरा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तझहीब तिच्यापासून वेगळी राहिली, आणि लौकिक ग्रंथांत तिचे काम मुख्यत्वे शीर्षकाची पट्टी आणि ‘शम्सा’, म्हणजे ज्याच्या ग्रंथालयासाठी प्रत केली त्याचे नाव धारण करणारे सूर्याकार वर्तुळ, एवढेच असे.

इ.स. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. त्या संहारातून वाचलेला याकूत अल-मुस्तासिमी (मृत्यू १२९८) हा सुलेखनकार नव्या राज्यकर्त्यांच्या काळातही लिहीत राहिला. बोरूचे टोक तिरपे छाटण्याची रीत आणि सहा प्रमाण लिपींची परिपूर्णता त्याच्या नावाशी जोडली जाते. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथालये जाळली, त्याच मंगोल घराण्याने, म्हणजे इराणच्या इलखानांनी, इस्लाम स्वीकारल्यावर इतिहासातील सर्वांत भव्य कुराणांना आश्रय दिला. उल्जैतू (कारकीर्द १३०४–१३१६) याच्यासाठी बगदाद, मोसुल आणि हमदान येथे तीस-तीस खंडांच्या प्रती तयार झाल्या. बगदादच्या प्रतीचा ताव इतका मोठा होता की पानाची उंची सत्तर सेंटिमीटरच्या घरात जाते. उल्जैतूचा वजीर रशीदुद्दीन याने तब्रीझजवळ वसवलेल्या वस्तीच्या दानपत्रात दरवर्षी ग्रंथांच्या नव्या प्रती कराव्यात अशी तरतूद केली होती, आणि त्याच्या जगाच्या इतिहासाची इ.स. १३१४ ची सचित्र अरबी प्रत आजही काही अंशी शिल्लक आहे. हमदानचे १३१३ मधील कुराण अब्दुल्ला इब्न मुहम्मद अल-हमदानी याने स्वतःच लिहून सजवले. त्यातील निळ्या-सोनेरी भूमितीत प्रत्येक खंडाचे आरंभपृष्ठ वेगळे आहे. अल्पावधीतच ते कैरोत पोहोचले आणि १३२६ मध्ये बक्तमूर या अमिराने ते आपल्या सूफी मठाला अर्पण केले. इराण आणि इजिप्त या दीर्घकाळ एकमेकांशी लढलेल्या राज्यांमधली सीमा ग्रंथाने ओलांडली, आणि कैरोच्या मुझहिबांना त्यातून नवे नमुने मिळाले.

कैरोत ही कला आधीच बहरू लागली होती. पुढे अल्पकाळ सुलतान झालेल्या बैबर्स अल-जाशंकीर याच्यासाठी १३०४ ते १३०६ या काळात तयार झालेले सात खंडांचे कुराण लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सुलेखनकार मुहम्मद इब्न अल-वहीद याने ते दर पानाला सहा ओळी अशा प्रमाणात, काळी कड दिलेल्या सोनेरी सुलुस लिपीत लिहिले. सुलुस ही मोठ्या, डौलदार वळणांची लिपी असून ती एरवी बहुधा शीर्षके आणि शिलालेख यांच्यासाठी राखलेली असे. सजावटीची जबाबदारी संदल नावाच्या मुख्य मुझहिबावर होती आणि त्याच्याबरोबर मुहम्मद इब्न मुबादिर आणि ऐदुग्दी हे दोघे होते. ऐदुग्दीचे काम प्रामुख्याने कड काढण्याचे, म्हणजे सोन्याला रेषेत बांधण्याचे होते. या तिघांची नावे ग्रंथातच नोंदलेली असल्यामुळे कामाची वाटणी कशी होत असे हे कळते. एवढ्या बारीक कामातील कड काढणाऱ्यालाही स्वतःचे नाव लिहिण्याचा मान मिळत होता, ही या परंपरेची मोठी उदारता म्हटली पाहिजे.

इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या काळातील आरंभपृष्ठांची भूमिती शाबान सुलतानाच्या (कारकीर्द १३६३–१३७७) प्रतींत कळसाला पोहोचली. पानाच्या मधोमध एक तारा घेऊन त्याच्या प्रत्येक टोकापासून रेषा बाहेर काढल्या जातात. त्या रेषा एकमेकींना छेदत नवे बहुकोन तयार करतात, आणि ही रचना चौकटीपाशी एकदम छाटली जाते, त्यामुळे ती चौकटीपलीकडे अमर्याद पसरत असावी असे वाटते. आतील प्रत्येक कोनाडा कमळे आणि वेलींनी भरलेला असतो. इब्राहिम अल-आमिदी या मुझहिबाने या कठोर जाळीत नारिंगी, हिरव्या, गुलाबी अशा अनपेक्षित रंगांची भर घातली, आणि त्याची पाने ओळखू येतात ती या रंगांवरून. एवढे असूनही चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत कुराणातील वचने असतात, आणि पान उलटले की आयतींच्या शेवटी तीच सोनेरी फुले, पाच-दहांच्या त्याच खुणा नेमून दिलेल्या जागी उभ्या असतात. पश्चिमेकडे अंदलुस (मुस्लिम स्पेन) व मगरिब (वायव्य आफ्रिका) येथे मात्र कागद आल्यावरही कुराणासाठी चर्मपत्रच पसंत केले गेले. व्हॅलेन्सियासारख्या नगरांत बाराव्या शतकात तयार झालेल्या लहान, जवळजवळ चौरस प्रती आणि त्यांतील दाट सोनेरी गुंफण ही वेगळीच शैली आहे.

हे ग्रंथ टिकले ते मुख्यत्वे ‘वक्फ’ या संस्थेमुळे. वक्फ म्हणजे ईश्वरार्पण केलेली मालमत्ता, जी विकता येत नाही, दान देता येत नाही आणि वारशातही वाटली जात नाही. अनेक हस्तलिखितांच्या आरंभी किंवा पानापानावर ही अट लिहिलेली आढळते. तरीही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेतील संग्राहकांची मागणी वाढली, तेव्हा ती अट पुष्कळ ठिकाणी पाळली गेली नाही. बांधणी उसवून पाने सुटी विकली की एका ग्रंथाचे मोल अनेक पटींनी वाढते, हे व्यापाऱ्यांना ठाऊक होते. निळ्या कुराणाची पाने अशाच रीतीने अनेक देशांत विखुरली. अशा सुट्या पानावर दहाव्या आयतीचे वर्तुळ उरते, पण ते कोणत्या नऊंनंतर आले हे त्या पानावरून कळत नाही. अध्यायाची पट्टी उरते, पण तो अध्याय दुसऱ्याच खंडातल्या संग्रहालयात असतो. म्हणून अलीकडच्या संशोधनात पानांची मापे, ओळींची संख्या, आयतींचा क्रम आणि खुणांची ठेवण यांवरून विखुरलेली पाने पुन्हा एका ग्रंथात लावून पाहण्याचे काम महत्त्वाचे ठरले आहे. दाईच्या कुराणाची पाने मात्र बव्हंशी कैरवानजवळच्या रक्कादा येथील संग्रहालयात एकत्र आहेत, आणि अली अल-वर्राक व दुर्रा यांची नावे ज्या नगरात लिहिली गेली, त्याच्याच वेशीबाहेर ती आजही वाचता येतात.